काकांची चाल

१४ जानेवारी

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं काकूच्या कार्डावरून कळलं. कार्डात तुमच्याविषयी एक ओळ आहे आणि माझ्या मागच्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घांविषयी चार. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासूनही तिची हौस फिटत नाही, उरलेली ती माझ्यावर भागवते.

तुम्ही गेल्यापासून आमचं तळघर सुनंसुनं झालं आहे. भिंतीवरचे कॅमेरे तसेच आहेत, पण तुमच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा येणं नाही. आमचा काळा चिकट पोशाख तुम्हाला होईना, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने, म्हणजे आम्ही जिला 'शंकासुर' म्हणतो तिने, दोन पोशाख कापून एक शिवला. त्याची आता विभागभर कीर्ती झाली आहे. कॅमेऱ्यांना हालचाल टिपता यावी म्हणून पोटावर पांढरे ठिपके चिकटवताना तुम्हाला ज्या गुदगुल्या झाल्या, ते चित्रण सगळ्यांत मोलाचं निघालं. हसणारा माणूस थांबतो, पण पोट लगेच थांबत नाही; ते आपलं हसून घेतं. हे गणितात बसवताना माझी बोबडी वळली आहे.

एक विनंती. शेजाऱ्यांना 'पुतणी कार्टून काढते' असं सांगत जाऊ नका. आम्ही काढत काहीच नाही. संगणकात एक माणूस घडवतो, त्याला हाडं, सांधे, स्नायू आणि वजन देतो, पायाखाली जमीन देतो आणि म्हणतो, चाल. तो पडतो. उठतो, पुन्हा पडतो. असा लाखो वेळा पडून तो आपला आपण चालायला शिकतो. पण आजवर सगळ्यांनी सडपातळ खेळाडूंचीच अशी माणसं केली. जाड माणूस हवा असला की त्याच सडपातळाच्या पोटाला उशी बांधून मोकळे होतात. खरं वजन अंगावर वागवणारा माणूस कसा चालतो, ते मला दाखवायचं आहे.

माझी इथली नेमणूक तात्पुरती आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. डिसेंबरात समिती बसेल आणि कायम करेल, नाहीतर हातात नारळ देईल. ऑक्टोबरात तुमचं दुसरं चित्रण करून पहिल्याशी ताडून पाहिलं की माझं काम पुरं होईल. तेव्हा तोवर बारीक होण्याचा विचारही मनात आणू नका.

लोभ आणि पोट, दोन्ही आहे तसं राखावं.

तुमची
भिंगरी


२५ जानेवारी

चि. भिंगरीस,
काकाचे वजनदार आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवलं आहे. 'बारीक होण्याचा विचारही मनात आणू नका' या ओळीखाली लाल रेघ मारली. तुझी काकू बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला गेली की मी कपाट उघडून त्या रेघेवर बोट ठेवतो. ती म्हणाली, विज्ञानाला लोणी लागत नाही. मी म्हटलं, वंगण कुठल्याही यंत्राला लागतंच. त्या दिवशी मला पावाबरोबर काकडी मिळाली.

तलावावर सगळ्यांना सांगून झालं. निवृत्त झालो तरी सकाळची एक चक्कर चुकत नाही. ज्यांना मी गळ्याएवढ्या पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं, ती मुलं आता आपली मुलं घेऊन येतात आणि मी काठावरच्या बाकावर बसून फुकटच्या सूचना देतो. लोक पोटासाठी राबतात, माझं पोटच कामाला लागलं, असं मी म्हटलं तेव्हा तिकिटाच्या खिडकीतली बाई इतकी हसली की मागची रांग खोळंबली. पाण्यात मात्र हल्ली उतरत नाही. पोहण्याच्या चड्डीचे आणि माझे मतभेद आहेत.

फोन करत जाऊ नकोस. तलावाचं पाणी कानात गेलं ते गेलंच. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. मागे तू 'लेख परत आला' म्हणालीस आणि मी 'लेख पसंत आला' ऐकून तलावावर बिस्किटं वाटून आलो. पत्रच बरं. पत्र दोनदा वाचता येतं, आणि काकूने चुका काढल्यावर तिसऱ्यांदा.

त्या संगणकातल्या माझ्या धाकट्या भावाचं कसं काय चाललंय? चालतोय तरी का?

तुझ्यावर आणि बिस्किटांवर सारखाच लोभ असणारा
काका


२ मार्च

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या धाकट्या भावाने घराण्याचं नाक कापलं.

आम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं की पुढे जायचं. जितकं लांब जाशील तितके जास्त गुण. त्याने बिचाऱ्याने पुष्कळ वेळा उभं राहून पाहिलं, दरवेळी तोंडावर आपटला. मग त्याला युक्ती सुचली. सोमवारी आम्ही येऊन पाहतो तर स्वारी आडवी होऊन पिंपासारखी गडगडत निघालेली, आणि गुण सगळ्यांत जास्त. त्याने नियम एकही मोडला नव्हता. नियमच आमचे ढिसाळ. शंकासुराने मला विचारलं, काका घरीही असंच करतात का. मी सांगितलं, फक्त रविवारी.

डोकं वर ठेवण्याचे वेगळे गुण दिले तेव्हा कुठे तो उभा राहिला. आता चालतो. आणि काका, मागे रेलून, पाय फाकवून, हुबेहूब तुमच्यासारखा चालतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुढचं वजन तोलायचं तर मागे रेलण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं. मी खुर्चीतून उठून नाचायचीच राहिले.

मग विभागप्रमुख बाईंना बोलावून दाखवलं. त्या विचार करताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जात-येत असतात, म्हणून आम्ही त्यांना 'लंबक' म्हणतो. दोन येरझाऱ्या घालून त्या म्हणाल्या, काम सुबक आहे, पण यातून नवीन काय कळलं? पोट सुटलेला माणूस मागे रेलून चालतो हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं.

मी घरी येऊन भांडी घासली, त्यात एक कप फोडला. समितीत त्याच बसणार आहेत.

माझ्यावर आहे तेवढाच लोभ धाकट्यावरही असू द्या, बिचारा फार पडतो.

तुमची
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मागच्या पत्रात शुद्धलेखन बरं होतं. आज तो विषय नाही.

तुझे काका तुला कळवणार नाहीत, म्हणून मी कळवते. गेल्या महिन्यात ते तलावाच्या पायऱ्या चढताना मध्येच खाली बसले. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने मला छापखान्यात निरोप धाडला. मी गेले तेव्हा ते पायरीवरच होते, चेहरा पांढराफटक, आणि भोवतीच्या लोकांना विनोद सांगत होते. तशीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या आहेत, साखर वाढली आहे, औषधं देते, पण वजन उतरलं नाही तर पुढचं मी सांगू शकत नाही, असं म्हणाल्या.

ते घराच्या दाराशी आल्यावर म्हणाले, ऑक्टोबर होऊन जाऊ दे, मग बघू. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे.

यातलं अर्धं लोण्यावरचं प्रेम आहे हे मी जाणते. पण उरलेलं अर्धं तुझ्यावरचं आहे आणि तेच मला जड जातंय. तुझं पत्र कपाटाला आतून चिकटवलेलं आहे. मला ते फाडता येईल, पण त्याने काही होणार नाही. तुझ्याच हातून दुसरं पत्र यायला हवं. मी कळवल्याचं लिहू नकोस. त्यांना वाटेल, मी चहाडी केली. केलीच आहे.

तू स्वतःला बोल लावत बसू नकोस, तुला ठाऊक नव्हतं. जेवणाच्या वेळा सांभाळ.

काकू


३० मार्च

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, कारण कामाने एकदम कूस बदलली.

नवीन काय कळलं, हा लंबकांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. झालेलं पुन्हा करून दाखवण्यात मोठेपणा नाही. न झालेलं आधी सांगता आलं तर खरं. म्हणून मी संगणकातल्या धाकट्याचं वजन उतरवलं, पोट काढून घेतलं आणि त्याला पुन्हा श्रीगणेशापासून चालायला शिकू दिलं. काय सांगू, ताठ पाठ, जवळ पडणारे पाय, कामावर उशीर झालेल्या तरुणासारखा चालतो. हे आमचं भाकीत. ते लेखी लंबकांच्या हवाली केलं, त्यांनी ते कपाटात कुलूपबंद केलं, आणि जाता जाता म्हणाल्या की हा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा आहे.

आता भाकीत पडताळायचं तर खरे काका बारीक हवेत. तेव्हा माझी पहिली सूचना रद्द. ऑक्टोबरपर्यंत जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवा. कसं उतरवायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि मी काही वेडंवाकडं लिहिलेलं कुठे चिकटवलं असेल तर ते आजच काढून टाका.

लोभ वाढवावा, बाकी सगळं घटवावं.

तुमची
भिंगरी


८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चाल चांगली आहे, पोरी, पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. डॉक्टरांना विचारून, असं तू लिहिलंस. मी तुला आजवर कुठल्याही पत्रात डॉक्टर हा शब्द लिहिलेला नाही. तेव्हा मधल्या मध्ये कोण बोललं हे सांगायला ज्योतिषी नको. मी काकूला विचारलं. तिने मान वर न करता हातातल्या मुद्रितावर एक खूण केली. म्हणजे तीच.

रागावलेलो नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. तुला म्हणून सांगतो. मी आयुष्यभर लोकांना शिकवत आलो की दम तुटला तर घाबरू नका, पाठीवर पडा, पाणी तुम्हाला धरतं. त्या दिवशी पायरीवर बसलो तेव्हा धरायला काहीच नव्हतं. मी घाबरलो, भिंगरे. काकूला हे सांगितलेलं नाही. तिला ठाऊक आहे, तो भाग वेगळा.

तुझं पत्र कपाटावरून काढलं. काढताना रंगाचा पोपडा निघाला, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. आता उकडलेला भोपळा खातो. म्हणजे तो ताटात असतो, मी समोर असतो, आणि दोघांपैकी आधी कोण डोळे वळवतो ते पाहत बसतो. परवा तलाव उघडताच, कुणी यायच्या आत, पाण्यात उतरलो. आधी चड्डीशी तह करावा लागला. एक लांबी पोहलो आणि काठ धरून राहिलो. पण उतरलो.

एवढंच कळव, की तुझ्या कामाला मी खरंच बारीक हवा आहे, की काकूच्या सांगण्यावरून तू गोष्ट रचलीस? रचली असलीस तरी चालेल. मी भोपळा खाईनच. पण कळलेलं बरं.

आहे तेवढ्या सगळ्या वजनानिशी तुझाच
काका


१६ जुलै

चि. भिंगरीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

'काका, आईशप्पथ खरं' असं एका ओळीचं कार्ड तू पाठवलंस ते उत्तम केलंस. ते त्यांनी पाकिटात ठेवलं आहे. शपथेतला 'श' तू पोटफोड्या काढलास, पण मी काही बोलले नाही.

इकडे एका माणसाचं वजन उतरतं आहे आणि दुसऱ्याचा धीर. तुझे काका चिडचिडे झाले आहेत. जेवताना खाण्याविषयी बोलतात, जेवून झाल्यावर न खाल्लेल्याविषयी. बेकरीच्या काचेसमोर मी त्यांना गाठलं. मला वाटलं, चोरी पकडली. बेकरीवाला म्हणाला, बाई, हे रोज येतात, दोन मिनिटं वास घेतात आणि जातात, घेत काही नाहीत. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. त्या दिवशी मीही गोड खाल्लं नाही.

पट्ट्याला भोकं पाडून पाडून त्याची चाळण झाली आहे. पाटलोणी मी आत घेतल्या, त्या पुन्हा आत घ्याव्या लागल्या. तक्रार अशी आहे की अंथरुणावर पडून वाचताना पुस्तक टेकवायला जागा उरली नाही. पायऱ्या मात्र न थांबता चढतात. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. तलावावर आता बाकावर बसत नाहीत. पाण्याची भीती वाटणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींचा एक वर्ग धरला आहे, आणि ती मंडळी त्यांच्यावर इतकी खूष आहेत की घरात त्यांना तोंड देणं अवघड झालंय.

ऑक्टोबरात त्यांना गाडीत बसवून देईन. प्रवासाच्या डब्यात काय घालायचं ते मी ठरवेन, तू स्टेशनवर काही खाऊ घालू नकोस.

तुझ्यावर माया आहे तशीच आहे, ती कमी करायला मला कुणी सांगितलेलं नाही.

काकू


२२ ऑक्टोबर

ती. सौ. काकूस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. काका आज सकाळच्या गाडीने निघाले. त्यांना तू इतकं देखणं करून पाठवलंस की तळघरात त्यांना कुणी ओळखलंच नाही. या खेपेस एकच पोशाख पुरला. शंकासुराला तो पाठीमागून टाचावा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी कमरेत वाकून त्या स्वीकारल्या.

मग ते चालले, आणि माझं भाकीत तोंडावर आपटलं.

पडद्यावर दोघांना शेजारी शेजारी चालवलं. बारीक केलेला धाकटा ताठ चालतो. बारीक झालेले काका मागे रेलून, पाय फाकवून, जानेवारीत चालले होते तसेच्या तसे चालतात. शंकासुराने ठिपक्यांवर शंका घेतली, कॅमेऱ्यांवर घेतली, शेवटी माझ्यावर घेतली. सगळं तपासून पुन्हा चित्रण केलं, पुन्हा तेच. लंबकांनी कपाटातला कागद काढून पडद्याशी ताडला आणि घडी घालून परत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काकांना मी सांगितलं की सगळं झकास झालं. मग त्यांना सोडायला निघाले तेव्हा लांबलचक कॉरिडॉरमध्ये ते पुढे आणि मी मागे, असे चाललो होतो. काठोकाठ भरलेली बादली पोटाशी धरून न सांडता न्यावी, तसे ते चालत होते. हातात काही नव्हतं, पोटही नव्हतं. सुंभ जळाला पण पीळ काही जात नाही, असं मनात आलं आणि इतक्या वाईट वेळी हसू आलं.

समितीला फार दिवस उरलेले नाहीत. काय करायचं ते कळत नाही. काकांना यातलं काही सांगू नकोस. त्यांनी एवढा भोपळा कशासाठी खाल्ला, असं त्यांना वाटायला नको.

शुद्धलेखन आज पाहू नकोस, तेवढी माया कर.

तुझी
भिंगरी


३० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कान गेले तरी माझे डोळे शाबूत आहेत. ती तुझी शंकासुर दुसऱ्यांदा ठिपके तपासायला आली तेव्हाच मी ताडलं. शिवाय तो पडदा मलाही दिसत होता. धाकटा ऐटीत चालला होता आणि मी त्याच्या शेजारी बदकासारखा. काकूला विचारलं. ती म्हणाली, मला काही ठाऊक नाही. आणि मग तिने वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं.

तू काळजी करू नकोस. आठवडाभर मी घरात सराव करतो आहे. डोक्यावर जाड पुस्तक ठेवून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहिल्या दिवशी पुस्तक सारखं पडलं, खालच्या मजल्यावरचे वर येऊन चौकशी करून गेले. आता जमतंय. पाय जवळ, पाठ ताठ, नजर समोर. काल बाजारापर्यंत तसाच जाऊन आलो. पाठीत उसण भरली, पण धाकटा काय चालेल असा चाललो.

तेव्हा मला पुन्हा बोलाव. मी तुझ्या भाकितासारखा चालून दाखवतो. कुणाला कळणार आहे? पाय माझे आहेत, ते कसे टाकायचे हा माझा प्रश्न. तू एकदा कायम हो, मग पुढचं पुढे पाहू.

काकू म्हणते हे बरोबर नाही. चुकलेल्या मुद्रितावर, लेखक आपला आहे म्हणून, 'बरोबर' अशी सही करता येत नाही म्हणते. मी म्हटलं, तुझं बरोबर आहे, पण तुझी नोकरी पक्की आहे, पोरीची नाही. ती मग म्हणाली, पत्र पाठवा, ती काय म्हणते ते बघू.

मी तुझं काम बिघडवलं, हे मला पोटात डाचतं. आता पोट लहान आहे, तर जास्तच डाचतं.

तुझा
काका


१८ नोव्हेंबर

ती. काकांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

खबरदार, डोक्यावर पुस्तक ठेवाल तर.

तुमचं पत्र शंकासुरासमोर वाचलं. मी आधी हसले, मग रडले, आणि तिने प्रथमच कसलीही शंका न विचारता मला पाणी आणून दिलं. काका, तुम्हाला पुन्हा चालवून घेणार नाही. तुम्ही चुकीचे चाललाच नव्हता. चुकले मी.

तुमचं 'पाय माझे आहेत' हे वाक्य मनात घोळत राहिलं. मी बारीक केलेल्या धाकट्याला पहिल्यापासून चालायला शिकवलं होतं, जणू तो कधी जाड नव्हताच. असा माणूस जगात कुठे असतो? तुमच्या अंगावरून वजन गेलं, पण वर्षानुवर्षं ते तोलणारे पाय तेच राहिले. म्हणून मी जुन्या, जाड असताना चालायला शिकलेल्या धाकट्याला परत आणलं. तुमचं उतरलं तसं त्याचं वजन बेताबेताने उतरवलं, आणि एक नियम घातला की अंगवळणी पडलेलं बदलायला श्रम पडतात. आणि तो मागे रेलून, पाय फाकवून, अदृश्य बादली सांभाळत चालला. पडद्यावर तुम्ही दोघं शेजारी चाललात आणि कोण कुठला ते मलाही क्षणभर सांगता येईना.

लंबकांना बोलावलं. त्यांनी सवयीने येरझाऱ्या सुरू केल्या आणि मध्येच थबकल्या. त्यांना मी उभं राहिलेलं प्रथमच पाहिलं. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हे माझ्या आजीला ठाऊक नव्हतं."

मग लगेच, एक काका म्हणजे पुरावा नव्हे, असंही म्हणाल्या. तुम्हाला राग येईल, पण त्यांचं खरं आहे. म्हणून जवळच्या हॉस्पिटलातून, वजन उतरवलेली आणखी माणसं आणली: एक संगीतशिक्षिका, एक आचारी, एक पोस्टमन, आणखी काही. बहुतेक सगळे तुमच्यासारखेच, नसलेलं पोट सांभाळत चालतात. पोस्टमन तेवढा सरळ चालतो. तो दिवसभर चालतच असतो, म्हणून त्याचे पाय लवकर विसरले असतील का? नक्की सांगता येत नाही. लेख लिहून पाठवला आहे. समितीचं काय होईल ते होवो, पण लेख खरा आहे.

तुम्ही माझ्यासाठी खोटं चालायला निघालात, हे मी विसरणार नाही. आता कृपा करून हवं तसं चाला.

लोभ आहे, तो यापुढे दोन्ही पायांवर उभा राहू दे.

तुमची
भिंगरी


१५ डिसेंबर

ती. काकांस व ती. सौ. काकूस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

आज फोन केला नाही, कारण काकांनी 'कायम'चं काय ऐकलं असतं कोण जाणे. म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिते. मी कायम झाले.

समिती लांबलचक टेबलापलीकडे बसली होती आणि माझी खुर्ची एका पायाने डुगडुगत होती. बहुतेक प्रश्नांना मी पोपटासारखी उत्तरं दिली. शेवटी एका वयस्क गृहस्थांनी, जे तोवर डोळे मिटून होते, विचारलं की या माणसाची चाल कधी सरळ होईल का. शरीराला विसरायला किती काळ लागतो? मी काहीतरी जोडून सांगणार होते, पण म्हटलं, ठाऊक नाही. एवढंच. ते म्हणाले, मग पुढची काही वर्षं तुम्हाला काम आहे तर. बाकीचे हसले, लंबकही. बाहेर आल्यावर मी कॉरिडॉरमधून अशी पळत सुटले की कुणी चित्रण केलं असतं तर दुसरा लेख झाला असता.

शंकासुराने अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, पत्र लेखी मिळालंय ना. मिळालंय.

काका, एका बिस्किटाला माझी परवानगी आहे. काकूची काढावी लागेल. मी पुढच्या महिन्यात येते, तेव्हा तलावाच्या उथळ भागात मला तुमच्या म्हाताऱ्यांच्या वर्गात बसवा. मला अजून पाठीवर तरंगता येत नाही, हे तुम्ही गावभर लपवून ठेवलंत, त्याचे आभार.

आता मी पक्की झाले आहे, तेव्हा तुमचा लोभही कच्चा राहू नये.

तुमची
भिंगरी


९ मे

चि. भिंगरीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझा छापून आलेला लेख मिळाला. दोन चुका आहेत, खुणा करून सोबत पाठवते. बाकी मला समजलं नाही, पण आभारांच्या ओळीत 'एक पोहण्याचे शिक्षक' असं छापलंय ते समजलं. ते घेऊन तुझे काका तलावावर गेले ते दुपारच्या जेवणालाच परतले. त्यांची तब्येत चांगली आहे. म्हाताऱ्यांचा वर्ग आता इतका वाढला आहे की ते काठावरून दिवसभर इकडून तिकडे चालत शिकवतात आणि संध्याकाळी पाय शेकत बसतात.

लिहायचं कारण वेगळं आहे. शनिवारी आम्ही बाजारात गेलो. मी सुया-दोरे घ्यायला थांबले, ते पुढे गेले. पुष्कळ गर्दी होती. मी त्यांना गर्दीत नेहमी मागूनच हुडकते. इतक्या वर्षांत चेहरा पाहायची वेळ आली नाही, चालीवरून कळतं. पण त्या दिवशी कुठे दिसेनात. माझ्या पुढे कुणी एक गृहस्थ चालले होते, ताठ पाठीचे, झपझप पाय टाकणारे, हातातली पिशवी झुलवत. मी त्यांच्या मागोमाग इकडेतिकडे पाहत पार कोपऱ्यापर्यंत गेले. मनात नको नको ते यायला लागलं. कुठे पायरीवर बसले असतील, कुणी निरोप घेऊन येईल, असं. शेवटी धीर सुटला आणि त्या गृहस्थांनाच हाक मारली, की एक थोडे मागे रेलून चालणारे कुणी पाहिलेत का, असं विचारावं.

ते वळले. मला म्हणाले, "काय हरवलं?"

मी म्हटलं, "तुम्हीच."

ते हसले. त्यांना वाटलं, उशीर झाल्याचा टोमणा आहे. मी काही उलगडून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आपल्या पायांकडे पाहायला लागले असते आणि सगळं पुन्हा बिघडलं असतं. त्यांना पुढे जाऊ दिलं आणि घरापर्यंत मागून चालत आले. तुला हसू येईल, पण मला जरा लाजल्यासारखं झालं. परक्या माणसाच्या मागे चालल्यासारखं.

तेव्हा त्या डोळे मिटून बसणाऱ्या गृहस्थांना कळव, की एका माणसाला वर्षभराच्या आसपास लागलं. एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे.

आणि एक विचारायचं होतं. तुमच्या तळघरातला तो जुना, मागे रेलून चालणारा, अजून आहे ना? त्याला पुसू नका. पुढच्या खेपेस मी येईन तेव्हा मला तो एकदा मागून पाहायचा आहे.

तुझ्यावर जीव आहे हे जाणून असावंस.

काकू